दूरचे गिऱ्हाईक

प्रस्तावना

बाजारात फसतो तो ग्राहक, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती निराधार नाही. काटा मारणे, तेलात भेसळ करणे, एक वस्तू दाखवून दुसरीच गळ्यात मारणे या प्रकारांविरुद्ध ग्राहकांना दीर्घकाळ झगडावे लागले. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करीत आली आहे. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण अधिनियम संमत झाला आणि पुढे २०१९ च्या नव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. या साऱ्या चर्चेत विक्रेता म्हटला की गादीवर बसलेला, तराजू हाती धरलेला चतुर व्यापारीच डोळ्यांपुढे उभा राहतो. इंटरनेटवरून माल विकणारा माणूस मात्र पुष्कळदा एकटा कारागीर असतो, घरच्या घरी दागिने घडविणारी गृहिणी असते किंवा आपला जुना कॅमेरा विकू पाहणारा नोकरदार असतो. त्याच्याजवळ वकील नसतो, मुनीम नसतो आणि समोरचे गिऱ्हाईक त्याने कधी पाहिलेलेही नसते. मौल्यवान वस्तू दूरच्या गिऱ्हाइकाला विकताना अशा विक्रेत्याची फसवणूक कशी होते आणि ती कशी टाळता येते, याचा विचार या पाठात केला आहे.

दोन क्षणांमधील अंतर

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीचे गाव. तेथील विणकर हातमागावर पैठणी विणतो तेव्हा काठ आणि पदर यांवरील मोर, पोपट, वेलबुट्टी ही नक्षी धाग्यात धागा अडकवून हातानेच भरावी लागते. साध्या पैठणीला काही आठवडे पुरतात. भरजरी पदराची पैठणी कित्येक महिने मागावर असते. अशी पैठणी हजारो रुपयांची, प्रसंगी लाखाच्या घरातली असते आणि तेवढ्या काळातील सगळ्या घराचे श्रम तिच्यात गुंतलेले असतात. समजा, या विणकराने पैठणीची छायाचित्रे इंटरनेटवर टाकली आणि दूरच्या एखाद्या शहरातून मागणी आली. मोठ्या कंपनीला शंभरांतील एक वस्तू बुडाली तर ते नुकसान ती उरलेल्या नव्व्याण्णव वस्तूंवर वाटून टाकते. विणकराला तसे करता येत नाही. त्याची एकच पैठणी तयार असते आणि पुढच्या पैठणीचे रेशीम त्याच पैशांतून यायचे असते.

दुकानात वस्तू आणि पैसा एकाच वेळी हात बदलतात. एका हाताने नोटा मोजून घ्याव्यात आणि दुसऱ्या हाताने पुडके द्यावे, इतका तो सरळ व्यवहार असतो. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी लावणाऱ्या दुकानदाराला एवढेच अभिप्रेत असते. दूरच्या व्यवहारात मात्र या एका क्षणाचे दोन क्षण होतात. वस्तू एके दिवशी जाते, पैसा दुसऱ्या दिवशी येतो, किंवा याच्या उलट घडते. या दोन क्षणांमधील मोकळी जागा हेच ठकसेनाचे कार्यक्षेत्र होय.

ही अडचण इंटरनेटने निर्माण केलेली नाही. टपालाने माल मागविण्याची पद्धत रूढ झाली तेव्हाही ती होतीच. तिच्यावर उपाय म्हणून भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.ची पद्धत सुरू केली. पोस्टमनने पार्सल घेऊन जावे, पैसे हाती पडल्यावरच ते द्यावे आणि ती रक्कम विक्रेत्याकडे पोचवावी, अशी ती योजना होती. पोस्टमन हा दोघांचाही विश्वासाचा माणूस असल्यामुळे फुटलेले दोन क्षण त्याच्या हाती पुन्हा एक होत. गावोगावच्या वाचकांनी व्ही.पी.नेच पुस्तके मागविली. तीतही एक उणीव होती: ग्राहकाने पार्सल सोडवून घेतलेच नाही तर ते परत येई आणि टपालखर्च विक्रेत्याच्या अंगावर पडे. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी' पद्धतीत विक्रेत्यांची जी तक्रार असते, ती मुळात हीच.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील अंगठी

वस्तू एकदा हातातून सुटली की कायदा ती परत मिळवून देईल, असा अनेकांचा समज असतो. तो किती अपुरा आहे हे पाहण्यासाठी लंडनमधील एका जुन्या खटल्याकडे वळावे लागते. 'फिलिप्स विरुद्ध ब्रुक्स' या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत प्रसिद्ध असून भारतातील विधी महाविद्यालयांतही शिकविला जातो.

एप्रिल १९१८ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जवाहिऱ्याच्या दुकानात एक गृहस्थ आला. त्याने २५५० पौंडांचे मोती आणि ४५० पौंडांची एक अंगठी निवडली व ३००० पौंडांचा धनादेश लिहिला. लिहिता लिहिता त्याने आपण कोण आहोत हेही सांगितले. नाव एका नामांकित धनिकाचे होते आणि पत्ता उच्चभ्रू वस्तीतला. जवाहिऱ्याने पत्त्यांची सूची काढून पाहिली. त्या पत्त्यावर त्या नावाचा मनुष्य खरोखरच राहत होता. दागिने लगेच नेणार का, असे जवाहिऱ्याने विचारले. तेव्हा त्या गृहस्थाने, आधी धनादेश वटू द्यावा, असे स्वतःच सुचविले. फक्त अंगठी तेवढी आताच हवी, कारण उद्या पत्नीचा वाढदिवस आहे, असे तो म्हणाला. जवाहिऱ्याने अंगठी दिली. धनादेश वटला नाही. तो गृहस्थ तोतया होता आणि त्याने ती अंगठी एका सावकाराकडे ३५० पौंडांना गहाण टाकली होती.

जवाहिऱ्याने सावकारावर दावा लावला. १९१९ मध्ये त्याचा निकाल जवाहिऱ्याच्या विरुद्ध गेला. समोर उभ्या असलेल्या माणसाशीच जवाहिऱ्याने व्यवहार केला. तो लबाडीने झाला असला तरी व्यवहार झालाच. तो रद्द होण्यापूर्वी सावकाराने प्रामाणिकपणे अंगठी घेतली, म्हणून तिच्यावरील त्याचा हक्क टिकतो, असे न्यायालयाने ठरविले.

या कथेतील तोतयाचे कसब लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने सगळे घबाड एकदम मागितले नाही. मोत्यांच्या बाबतीत सावधगिरीचा सल्ला त्यानेच दिला आणि त्या सल्ल्याने मिळविलेला विश्वास अंगठीपुरता वापरला. जवाहिऱ्याने चौकशी केली नाही असेही नाही. परंतु त्या पत्त्यावर तो धनिक राहतो का, एवढेच त्याने तपासले. समोरचा मनुष्य तोच धनिक आहे का, हे तपासायचे राहून गेले. आज ओळखपत्राचे छायाचित्र पाठविणाऱ्या गिऱ्हाइकावर विसंबणारा विक्रेता नेमके हेच करतो. ओळखपत्र खऱ्या माणसाचे असते. पाठविणारा तो नसतो. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत लष्करी जवानाचे नाव, गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्र वापरून झालेल्या फसवणुकी भारतात अनेक ठिकाणी उघडकीस आल्या आहेत. जवानाविषयी लोकांना वाटणारा आदर हेच तेथे ठकाचे भांडवल असते.

याच्या उलट निकाल लागलेला खटलाही आहे. बेलफास्टच्या एका कापड-उत्पादकाकडून ब्लेंकार्न नावाच्या माणसाने पत्रे पाठवून रुमालांचा मोठा साठा मागविला; सही मात्र 'ब्लेंकिरॉन' या प्रतिष्ठित पेढीची वाटावी अशी केली. माल घेऊन त्याने तो कंडी नावाच्या व्यापाऱ्यास विकला. १८७८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च पीठाने निर्णय दिला, की उत्पादकाचा व्यवहार ब्लेंकार्नशी झालाच नव्हता, म्हणून मालाची मालकीही गेली नाही. उत्पादकाला भरपाई मिळाली आणि निरपराध कंडीला भुर्दंड पडला. दोन्ही खटल्यांत ठक बाजूलाच राहिला. भांडले ते दोन प्रामाणिक व्यापारी.

भारताच्या माल विक्री अधिनियम, १९३० मधील कलम २९ हे या विषयाशी निगडित आहे. लबाडीने मिळविलेला माल मूळ करार रद्द होण्यापूर्वी कोणी सद्भावनेने, लबाडीची कल्पना नसताना विकत घेतला, तर त्या खरेदीदाराला मालाची मालकी मिळते. त्याच अधिनियमाच्या कलम ३९ नुसार खरेदीदाराकडे पोचविण्यासाठी वाहतूकदाराच्या स्वाधीन केलेला माल हा सामान्यतः खरेदीदाराच्याच स्वाधीन केलेला मानला जातो. किंमत मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क विक्रेत्याला आहे. परंतु कोणतीही अट न ठेवता माल वाहतूकदाराकडे दिला की तो हक्क संपतो. 'पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत मालकी विक्रेत्याकडे राहील' असे बिलावर लिहिणे म्हणूनच उपयोगाचे असते. तथापि केवळ त्या ओळीच्या भरवशावर पैठणी कुरियरवाल्याच्या हाती देणे धाडसाचे ठरेल. कायद्याचा आधार नंतरचा आहे; विक्रेत्याचे खरे बळ वस्तू त्याच्या ताब्यात असेपर्यंतच असते.

पैसे आले म्हणजे काय?

पैसे पाठविल्याचा संदेश आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद कोणालाही समजतो. तरीही घाईच्या वेळी तोच विसरला जातो. रक्कम भरल्याचे दाखविणारे मोबाइलवरील चित्र तयार करण्यास काही क्षण पुरतात. बँकेच्या संदेशासारखा मजकूर कोणीही आपल्या मोबाइलवरून पाठवू शकतो. बँकेचे खरे लघुसंदेश साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत, ही खूण उपयोगी असली तरी पुरेशी नाही. एकच प्रमाण मानावे: विक्रेत्याने स्वतः आपले खाते उघडावे आणि शिल्लक रकमेत वाढ झाली आहे की नाही ते पाहावे.

या भेदाचाच फायदा घेणारी एक चलाख युक्ती आहे. गिऱ्हाईक पाच हजारांच्या वस्तूसाठी पन्नास हजार जमा झाल्याचा खोटा संदेश पाठवते आणि काकुळतीला येऊन सांगते, की चुकून एक शून्य जास्त पडले, वरची रक्कम तेवढी परत करा. भला विक्रेता दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे नकोत म्हणून ते तत्काळ परत करतो. येथे माणूस लोभापायी फसत नाही. त्याच्या सचोटीवरच डाव टाकलेला असतो.

यूपीआय ही पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली आणि छोट्या विक्रेत्याची मोठी सोय झाली. तिचा एक नियम मात्र पाठ असावा: पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. 'हा चौकोनी कोड स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील' असे सांगणारे गिऱ्हाईक विक्रेत्याच्या खात्यातून पैसे काढून घेत असते. पैशांची मागणी पाठवून ती मंजूर करवून घेण्याचा प्रकारही असाच होता. अशा फसवणुकी वाढल्यामुळे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. स्कॅन करवून घेण्याची युक्ती मात्र त्यामुळे संपलेली नाही.

धनादेशाच्या बाबतीत तो वटेपर्यंत थांबणे एवढाच उपाय आहे. न वटलेल्या धनादेशाबद्दल परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली फिर्याद करता येते. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे मिळाले नाहीत, तर पुढील एका महिन्यात न्यायालयात जावे लागते. मुदत चुकली की चांगला दावाही लंगडा पडतो.

क्रेडिट कार्डाने आलेली रक्कम सर्वांत फसवी म्हणावी लागेल, कारण ती खरोखरच जमा झालेली असते आणि तरीही परत जाऊ शकते. कार्ड चोरीचे निघाले किंवा कार्डधारकाने 'माल मिळालाच नाही' अशी तक्रार केली, तर बँक ती रक्कम विक्रेत्याकडून काढून घेऊ शकते. काही प्रकारांत अशा तक्रारीला सुमारे चार महिन्यांपर्यंत मुदत असते. मग विक्रेत्याच्या बाजूने बोलतात ते केवळ कागद: बिल, पत्रव्यवहार, पोच आणि पोच देणाऱ्याची सही. म्हणूनच पैसे भरणाऱ्याचे नाव एक, माल नेणाऱ्याचे दुसरे आणि पत्ता ऐनवेळी बदललेला असेल, तर माल पाठविण्यापूर्वी खुलासा मागण्यात संकोच वाटू नये. खरे गिऱ्हाईक अशा प्रश्नाने रागावत नाही. बहुधा त्याला तो विक्रेता विश्वासू वाटू लागतो.

वस्तूची ओळख

पैसे मिळाले, माल पोचला, आणि आठ दिवसांनी पार्सल परत आले. आत पैठणीच आहे, परंतु यंत्रमागावरची. 'तुम्ही पाठविलेली हीच', असे गिऱ्हाईक म्हणते. विक्रेत्यापुढील हा सर्वांत कठीण प्रसंग होय. ई-व्यापारासंबंधीच्या २०२० च्या नियमांनुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याहून वेगळा निघालेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. हा नियम ग्राहकाच्या हिताचा आणि न्याय्यच आहे. पण याच नियमाआड लबाड ग्राहक लपतो. येथे वाद पैशांचा राहत नाही, वस्तूच्या ओळखीचा होतो. आणि ती ओळख वस्तू घराबाहेर पडण्यापूर्वीच पक्की करून ठेवावी लागते.

पैठणीच्या बाबतीत निसर्गतःच काही आधार आहे. हातमागावरील पैठणीच्या पदराची नक्षी धाग्यांच्या गुंतवणीतून उमटत असल्याने उलट बाजूसही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागील बाजूस सुटे किंवा कापलेले धागे असतात. म्हणून पदराच्या दोन्ही बाजूंची जवळून घेतलेली छायाचित्रे मोलाची ठरतात. मोरांची संख्या, काठाची रुंदी, एखाद्या पानाच्या रंगातील सहज राहिलेला फरक यांची नोंद करावी. हाताने विणलेल्या दोन पैठण्या तंतोतंत सारख्या नसतात. कारागिराला जी उणीव वाटते तीच येथे त्याची साक्षीदार होते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेल्या सिल्क मार्कची क्रमांक असलेली चिठ्ठी लावली असल्यास तो क्रमांक बिलावर लिहावा.

इतर वस्तूंनाही अशा खुणा असतात. हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर अंक व अक्षरे मिळून सहा चिन्हांचा ओळखक्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाचाच हॉलमार्क ग्राह्य आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइल अ‍ॅपवर तो पडताळता येतो. मोबाइल फोनचा पंधरा अंकी क्रमांक *#०६# दाबले असता पडद्यावर दिसतो. कॅमेरा, घड्याळ, वाद्य यांवर निर्मात्याचा क्रमांक असतो. हे क्रमांक बिलावर उतरविण्यास दोन मिनिटे लागतात आणि बहुसंख्य लोक नेमकी तीच दोन मिनिटे वाचवतात.

बांधणी करतानाचे चित्रीकरण हल्ली पुष्कळ विक्रेते करतात. ते उपयोगी पडण्यासाठी अखंड असावे लागते. वस्तू, तिची खूण, खोका, चिकटपट्टी, पत्ता आणि काट्यावरील वजन हे सारे एकाच सलग चित्रणात आले पाहिजे. मध्ये खंड पडला की तेवढ्यात वस्तू बदलली, असे म्हणायला जागा राहते. वजनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागेल. 'खोका रिकामा आला' अशी तक्रार असेल आणि कुरियरच्या पावतीवर वजन नऊशे ग्रॅम नोंदले असेल, तर ती पावती अर्धा वाद मिटविते. माल परत आला तरी तो कुरियरच्या माणसासमोर वजन करून, चित्रीकरण चालू ठेवूनच उघडावा.

लग्नसराईत आणखी एक प्रकार आढळतो. भारी साडी मागवायची, कार्यात मिरवायची आणि 'रंग आवडला नाही' म्हणून परत पाठवायची. याला फसवणूक म्हणावे की निलाजरेपणा, यावर मतभेद होऊ शकतात. विणकराचे नुकसान मात्र खरे असते, कारण घडी मोडलेली पैठणी नव्या किमतीला विकली जात नाही. काही विक्रेते पदराच्या दर्शनी भागावर अशी चिठ्ठी शिवतात, की ती काढल्याशिवाय साडी नेसून मिरवताच येऊ नये. चिठ्ठी काढलेली साडी केवळ आवडली नाही म्हणून परत घेतली जाणार नाही, ही अट मात्र विक्रीपूर्वीच स्पष्ट सांगितलेली असावी. मागाहून सांगितलेल्या अटीला किंमत नसते.

फसवणूक झाल्यावर

येथे वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतानाच ती गोठविण्याचा प्रयत्न होतो, आणि उशीर झाला तर ती काढून घेतली जाते. माल वाटेत असेल तर कुरियरला लेखी कळवून तो थांबविण्याची विनंती करावी. खरेदीदाराला करार रद्द केल्याचे लेखी कळविणे व पोलिसांकडे तक्रार देणे हेही लगेच व्हावे. माल तिसऱ्या माणसाकडे जाण्यापूर्वी करार रद्द झाला होता की नाही, यावर कलम २९ खालील हक्क ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसंबंधी आहे. संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे.

कधी कधी विक्रेत्याने काहीही न गमावताही त्याच्यावर संकट येते. तिसऱ्याच कोणाला लुबाडून मिळविलेल्या पैशांतून ठक सोने किंवा महाग फोन विकत घेतो. पैसे जमा होतात, माल जातो आणि काही दिवसांनी त्या रकमेच्या तपासात विक्रेत्याचे खाते गोठविले जाते. अशा वेळी आपण खरा माल खऱ्या किमतीला विकला हे त्यालाच दाखवावे लागते. बिल, गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार, वस्तूचा क्रमांक आणि पोच हे कागद घेऊन त्याने आपल्या बँकेकडे आणि तपास करणाऱ्या पोलीस ठाण्याकडे अर्ज करावा, तसेच वादातील रकमेपुरतेच खाते गोठवून उरलेले मोकळे करावे, अशी लेखी मागणी करावी.

शब्दार्थ

ठकसेन – लबाडी करून फसविणारा. तोतया – दुसऱ्याचे सोंग घेणारा. भुर्दंड – विनाकारण सोसावे लागणारे नुकसान. सद्भावनेने – मनात कपट न ठेवता. परक्राम्य संलेख – धनादेश, हुंडी यांसारखा हस्तांतर करता येणारा दस्तऐवज. पोच – वस्तू मिळाल्याचा लेखी पुरावा.

स्वाध्याय

१. व्ही.पी. पद्धतीने दूरच्या व्यवहारातील कोणती अडचण दूर झाली आणि कोणती राहिली, ते लिहा.

२. जवाहिऱ्याने पत्त्यांची सूची पाहूनही तो का फसला? तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. 'कारागिराला जी उणीव वाटते तीच येथे त्याची साक्षीदार होते.' या विधानाचा संदर्भासह अर्थ लिहा.

४. तुमच्या परिसरातील एखादी हस्तनिर्मित वस्तू निवडा. ती दूरच्या गिऱ्हाइकाला पाठविण्यापूर्वी तिची ओळख पटविणाऱ्या कोणत्या खुणा नोंदवाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.